मागाच्या खड्ड्यातल्या व्यंकटेशाची व्यवस्था

मी, अंबादास मल्लेशम येमूल, वय २८, शिक्षण नववी, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणारा कामगार, राहणार पूर्व भाग, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. तरीही लिहून ठेवतो. मन स्थिर आहे, छाती तेवढी नाही. कोणाचाही दबाव नाही. अवघड शब्द शब्दकोशात पाहिले आहेत.

१. बँकेतील शिल्लक व मोटारसायकल आई नरसव्वा हिला. गाडीचा मागचा ब्रेक उशिरा लागतो. विकताना घेणाऱ्याला ते सांगावे.

२. घराची पुढची खोली, म्हणजे आमचे व्यंकटेशाचे देऊळ, थोरली बहीण हेमावती (राहणार कुंभारी) हिला. अट एकच : खड्डा कधीही बुजवू नये.

कारण लिहितो. आजोबा याच खोलीत हातमागावर विणत. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. यंत्रमाग आले तेव्हा गल्लीत सर्वांनी खड्डे बुजवले. आजोबांनी मात्र आपल्या खड्ड्यात काळ्या पाषाणाचा व्यंकटेश उभा केला. म्हणून देव कमरेपासून वर दिसतो. चरण पाहायचे तर काठावर विणकरासारखे पाय सोडून बसावे लागते. देवासमोर पाय सोडणे पाप आहे, असे कोणी म्हणाले की आजोबा सांगत, "पाय सोडल्याबिगर आमचं घर कधी जेवलं न्हाय. देवाला ठाऊक हाय." वैकुंठ एकादशीला सगळी गल्ली एकेक करून तिथे बसते. तेवढा वेळ प्रत्येकजण विणकर असतो.

३. चुलते राजय्या काका यांना देव संगमरवरी ओट्यावर हवा आहे. "लोकं हसतात की, देव खड्ड्यात म्हणून," असे ते चारचौघांत म्हणाले. मला राग आला होता. तो इथे सोडून देतो. आजोबांचा चष्मा त्यांना द्यावा.

४. एकादशीला देवाला नवा शेला लागतो. तो घरच्या लहान हातमागावर विणायचा आणि जो विणेल त्यानेच आधी खड्ड्यात उतरून देवाचे पाय पुसायचे, ही आजोबांची रीत. वडिलांनंतर हा मान माझ्याकडे आला. पण माझा हात यंत्रमागाचा. पहिल्याच वर्षी मी ताणाचे धागे तोडले. अक्काने, म्हणजे हेमावतीने, गाठी मारून शेला पुरा केला. तो धरून आजवरचे पाच शेले तिचेच. उतरलो मी, काकांच्या हातून हार आणि मानाचा नारळ घेतला तोही मीच. ती मागे बायकांत उभी राहायची. "हात थेट आजोबांचा हाय तुझा," असे लोक म्हणाले आणि मी मान डोलावली.

गेल्या महिन्यात मी तिला विचारले, "अक्का, सांगून टाकू का?"

"आधी छाती नीट करून ये. देवाला कळतंय की धागा कुणाचा ते. फुकटचा नारळ तुला लई गोड लागतो, एवढंच."

म्हणून उतरण्याचा मान हेमावतीला देतो, आणि तिच्यानंतर जो किंवा जी विणेल त्याला किंवा तिला. हे कलम मी मेल्यावर नव्हे, आज सही होताच लागू आहे. मी परत आलो तर या एकादशीला रांगेत शेवटी उभा राहीन.

५. हे कलम नंतर वाढवले आहे. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम राजय्या काकांकडे गेलो, म्हणजे पुढे तेच भांडणार नाहीत. चष्म्याची ओळ त्यांच्यासमोर खोडली, कारण साक्षीदाराला काही देता येत नाही असे म्हणतात. चष्मा कालच त्यांच्या हातात दिला. तो लावून त्यांनी सगळे वाचले.

"म्हणजे पाच वर्षं मी भलत्यालाच हार घातला की!"

"व्हय काका."

त्यांनी चौथे कलम पुन्हा वाचले. मग म्हणाले, "खड्ड्यात अंधार असतो. हेमा उतरंल तवा दिवा कोण धरणार? लिही माझं नाव."

त्याप्रमाणे लिहिले.

साक्षीदार :
१. राजय्या नरसय्या येमूल (सही)
२. मुबीन चांदसाब शेख, माग दुरुस्त करणारा, माझा मित्र (सही). याचा पान्यांचा संच मी परत केला आहे.

लिहून देणार : अंबादास मल्लेशम येमूल (सही)
स्थळ : देवासमोर, खड्ड्याच्या काठावर बसून, सोलापूर
दिनांक : ८ डिसेंबर २०२५, सोमवार. कलम ३ वगळता खाडाखोड नाही.