अंधारीत सुटलेला हात

रविवार, संध्याकाळ

दिवाळीच्या सुटीत सगळ्यांनी दौलताबादचा किल्ला चढायचा, हा आमच्या घरचा रिवाज. आज मात्र माझी मलाच लाज वाटतेय. पडेगावपासून मी मेव्हण्याला चिडवत होतो, "अंधारीत घाबरू नको रे!" आणि त्याच काळोख्या भुयारात डोक्यावर वटवाघळं फडफडली, तेव्हा माझ्या सात वर्षांच्या लेकीचा, सईचा, हात सोडून मी पळालो. पळालोच. उजेडात आल्यावर कळलं, हात रिकामा आहे.

मागून आई तिला घेऊन आली. "लई घाई झाली व्हय रं तुला?" एवढंच म्हणाली. सईला मी सांगितलं, पुढचा रस्ता बघायला गेलो होतो. तिला ते खरं वाटलं. घरी आल्यावर शेजारच्या काकूंना कौतुकानं तेच सांगत बसली. मला ऐकवेना. पोरीचा हात सुटलाच कसा माझ्याकडून?

शेवटी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "सई, मी घाबरलो होतो गं."

ती म्हणाली, "मग हात का सोडला, बाबा? घाबरल्यावर तर धरायचा असतो."