दोन टोपले मोहा, आणखी काही नाही

माय, परवा मी वर्गात खोटं बोलले. ते तुला सांगावं म्हणून बसले आहे. तू गेलीस त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ लिहिलं, लोकांच्या पुस्तकांवर लिहिलं, तुला मात्र एक ओळ लिहिली नाही. त्यामुळे कुठून सुरुवात करावी ते नीट कळत नाही. जे आधी झालं ते आधी सांगते.

मी गोंदियाला एका कॉलेजात साहित्य शिकवते, हे तुला ठाऊक नाही. तू होतीस तेव्हा मी नागपूरला अजून शिकतच होते. यंदा अभ्यासक्रमात सिनेमेही आहेत. म्हणून वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून मी मुलांना एक जपानी सिनेमा दाखवला. त्यात नट नाहीत. माणसं, झाडं, पाणी, धूर, सगळं चित्रात काढलेलं, आणि ते हलतं. तू आधी हसली असतीस, मग हळूहळू पुढे सरकून बसली असतीस. गोष्ट साधी आहे. दहा वर्षांची एक मुलगी. तिच्या आजोबांना दिसेनासं झालं आहे, आणि डोळ्यांवर बांधायचं एक शेवाळ डोंगरावरच्या जंगलात मिळतं. जंगलाच्या तोंडाशी एक रखवालदार बसलेला असतो. त्याला चेहरा नाही. जुन्या खोडासारखा दिसतो, अंगावर बुरशी, खांद्यावर पाखरं. येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच विचारतो, काय नेणार? बहुतेक लोक म्हणतात, काही नाही, नुसतं पाहायला आलो. तो सगळ्यांना आत सोडतो. पण बाहेर येताना खोटं बोललेल्या माणसाचे पाय जड होत जातात, आणि तो वाटेतच बसतो. मुलगी सांगते, दोन मुठी शेवाळ.

वाटेत तिला एक होड्या बांधणारा भेटतो. मोठ्या हातांचा, कमी बोलणारा. तो आपल्या भाताच्या लाडवातला अर्धा तिला देतो. त्याच्या गावाच्या होड्या वादळात गेल्या आहेत, पोरं उपाशी आहेत. तो रखवालदाराला म्हणाला आहे, एक फांदी नेईन. आणि त्यानं तोडलं आहे अख्खं झाड. परतताना त्याचे पाय उचलत नाहीत. इथं दुसऱ्या कुणी त्याला दुष्ट करून संपवलं असतं. हा सिनेमा तसं करत नाही. मुलगी रखवालदारासमोर उभी राहते आणि त्या माणसाच्या वतीनं सांगते, यानं फांदी सांगितली आणि झाड नेलं, याच्या गावात मुलं वाट पाहत आहेत. मग त्याच्या बदल्यात आपल्या पिशवीतलं एक मूठ शेवाळ काढून खाली ठेवते. म्हणजे आजोबांचा एकच डोळा बरा होणार. ती रडत नाही. पिशवीचं तोंड पुन्हा नीट बांधते.

सिनेमा संपल्यावर मी चाळीस मिनिटं बोलले. माणूस आणि निसर्ग, परवानगी आणि अपराध, खलनायक नसलेली गोष्ट, दूरच्या एका संस्कृतीची दृष्टी. 'दूरची' हा शब्द मी फळ्यावरसुद्धा लिहिला होता. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. सालेकसाकडच्या जंगलातल्या गावातून येते, एरवी बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, याच्यात दूरचं काय हाय? आमची आजी मोहाले जाते तवा असंच सांगते जंगलाले. एवढं नेतो म्हणते."

मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, इसकी नानी जापान की है."

वर्ग हसला. तीही हसली आणि वळून त्याला म्हणाली, "नानी नाही, आजी. अन् तू मोहाची पोळी खाऊन गेला होता ना तिच्या घरून? तवा नाही विचारलं, जापानची हाय का म्हणून." वर्ग आणखी हसला. मग ती माझ्याकडे वळली. "तुमच्या घरी नव्हते करत का, मॅडम? तुमी बी गोरेगावकडच्याच ना?"

मी म्हटलं, "नाही. आमच्याकडे असं काही नव्हतं."

का म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही. कुणी मला हसणार नव्हतं. ती मुलगी तर हसून मोकळी झाली होती. माझ्या हातात खडू होता, फळ्यावर तो शब्द होता, आणि मला वाटलं, हो म्हटलं तर तो पुसावा लागेल. एवढंच असेल. मुलगी "बरं" म्हणून खाली बसली. तुझ्यासारखंच म्हणाली, ब वर जरा थांबून.

आता मला पहाट दिसते. चैत्रातली. मी नऊ वर्षांची आहे, डोळ्यांत झोप आहे, आणि तू माझ्या पुढे चालते आहेस, डोक्यावर एकात एक घातलेले दोन टोपले. गावाच्या मागे, धानाच्या बांध्या संपतात तिथे, दोन दगड आहेत. देव नाहीत, नुसते दगड. तिथे तू थांबतेस. टोपले खाली ठेवतेस, पदर डोक्यावर घेतेस आणि समोरच्या झाडांना, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात सांगतेस, "माय वो, दोन टोपले मोहा नेतो. आणखी काही नाही." मग टोपले उचलून आत. तुझं हे फक्त जंगलापुरतं नव्हतं. एस.टी.त चढतानाही तू कंडक्टरला सांगायचीस, "दोन गठुडे, एक पोरगी, आणखी काही नाही." एकदा तो म्हणाला होता, "मावशे, पोरगी गठुड्यात त नाही ना बांधली?" सगळी गाडी हसली होती. मी खिडकीकडे तोंड केलं होतं. तू मात्र त्याला गंभीरपणे म्हणालीस, "नाही. थे चालत आली."

झाडाखालची जमीन आदल्या दिवशीच तू खराट्यानं झाडून ठेवलेली असायची. पानं पेटवून जमीन साफ करणारे होते. तू पेटवत नव्हतीस, झाडायचीस. त्या झाडलेल्या मातीवर मोहाची फुलं पडलेली असत, फिकट पिवळी, रसानं फुगलेली, आणि आपण बसूनच सरकत सरकत ती वेचत असू. हात चिकट होत. तुझा टोपला माझ्याआधी भरत असे आणि तू माझ्या टोपल्यात फुलं टाकू लागायचीस. तसल्याच एका सकाळी मी जरा आत गेले. चाराच्या झाडाला, ज्याच्या बियांची चारोळी होते, हिरवे चार लागले होते, अजून काळे व्हायचे होते. खालची एक डहाळी मी मोडली आणि चार फ्रॉकच्या ओच्यात भरून घेतले. परत येताना, त्या दोन दगडांपाशी, तू मला थांबवलंस.

"ओच्यात काय वो?"

"चार."

"सांगताना काय सांगतलं होतं आपण?"

"मोहा."

"मंग हे कायले घेऊन राहिली?"

मी म्हटलं, "जंगल कुठं काही बोललं?"

तू टोपला उतरवलास. मला वाटलं, मार मिळणार. तू म्हणालीस, "बोलत नाही, म्हणून त आपल्याले सांगा लागते. जो बोलते थ्याले फसवता नाही येत, थो भांडते." मग हात करून दाखवलंस, "जा. जिथं घेतले तिथं ठेव. अन् सांग, चुकली म्हणून."

मी गेले. झाडापाशी गेले. ठेवले मात्र नाहीत. एका जाड मोहाच्या मागे बसून एकेक करून सगळे खाल्ले. आंबट, तुरट, जीभ चिकटून बसली. चव घ्यायला नाही खाल्ले. टाकवत नव्हते म्हणून खाल्ले. परत आले तेव्हा तू तशीच उभी होतीस.

"ठेवले?"

"ठेवले."

तू माझ्या ओठांकडे पाहिलंस. फार वेळ नाही. "बरं," म्हणालीस, आणि टोपला उचललास.

दुसऱ्या दिवशी त्या दोन दगडांपाशी तू पदर घेतलास. मी नेहमीचं वाक्य मनात म्हणतच होते. तू म्हणालीस, "माय वो, काल पोरीनं न सांगता चार खाल्ला. लहान हाय. आज एकच टोपला नेतो." माझ्याकडे वळून पाहिलं नाहीस. आपण आत गेलो, एक टोपला भरला, आणि तू उठलीस. त्या दिवशी फुलं अशी पडली होती की पाऊल ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या झाडाखालून शेजारची काकू ओरडली, "काऊन वो, तब्बेत बरी नाही का? जमीन पिवळी होऊन हाय अन् तू घरी निंगाली?" तू म्हणालीस, "आज एवढाच पुरे." ती म्हणाली, "रानडुकरं खाऊन टाकतीन ना मंग." तू म्हणालीस, "खाऊ दे. थ्याइले बी पोट हाय." माझ्याबद्दल एक शब्द नाही. दुसरा टोपला तू रिकामा डोक्यावर ठेवलास, भरलेला त्याच्यात. गोरेगावच्या बाजारातून त्या आठवड्यात मोहाच्या पैशांतून माझ्यासाठी चप्पल यायची होती. ती आली नाही. पुढच्या बाजाराला आली, निळ्या पट्ट्याची, आणि तू ती माझ्या पायात स्वतः घालून पाहिलीस, अंगठ्यापाशी दाबून. मी त्या चपलेचं सुख घेतलं, पुरेपूर घेतलं. आणि आज मला वाटतं, ते मी घ्यावं हेच तुला हवं होतं. शिक्षा तू स्वतःला करून घेतली होतीस. चप्पल नुसती चप्पल होती.

मला पुढे पुष्कळांनी शिकवलं. पुस्तकांनी शिकवलं. गोष्टीतल्या माणसाला वाईट न ठरवता त्याची चूक कशी दाखवायची, यावर मी एक अख्खा तास घेते. माझ्या बोलण्यात जे बरं आहे ते त्या एका रिकाम्या टोपल्यातून आलं आहे, आणि हे मला परवा, चादरी लावलेल्या वर्गात, दूरदेशीच्या एका काढलेल्या मुलीनं पिशवीचं तोंड बांधलं तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं तुला जंगलाच्या तोंडाशी बसलेलं कुणीतरी समजत होते. तू ती मुलगी होतीस. जड पायांची मी होते.

आज पुन्हा तास होता. मी आधी फळ्यावरचा शब्द पुसला. कुणीतरी तो तसाच ठेवला होता. म्हटलं, "परवा मी चुकीचं सांगितलं. माझी आई करायची. दोन टोपले मोहा, आणखी काही नाही, असं म्हणायची." मागचा मुलगा लगेच म्हणाला, "मतलब मॅडम भी जापान की." मी म्हटलं, "हो." शेवटच्या बाकावरची मुलगी पुढच्या बाकावर येऊन बसली. म्हणाली, "अन् कोणी जास्तीचं घेतलं त?" मग मी चारांची गोष्ट सांगितली. माझी आहे हे लपवलं नाही. तुझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, बोलत नाही म्हणून सांगा लागते, आणि दोघा-तिघांनी ते वहीत लिहून घेतलं. आणि मग मी सांगितलं की मी परत गेले आणि चार झाडाखाली ठेवून आले. गोष्ट तिथे संपवली. मुलांना आवडली. मुलगी म्हणाली, "शहाण्या होत्या तुमी लहानपणी."

एका टोपल्याची गोष्ट मला सांगता आली नाही. ती सांगायची तर आधीचं सांगावं लागलं असतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, हे तर आहेच. पण तू असतीस तरी अडचण होती. तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायची, चुलीपाशी बसून, आणि तू भाकर थापता थापता म्हणायचीस, "जसं लिवलं हाय तसंच वाच, आपल्या मनचं घालू नको." सोमवारी पुन्हा तास आहे. तोवर, दार लावून, हे मोठ्यानं वाचते आहे, जसं लिहिलं तसं. झाडाखाली मी काही ठेवलं नव्हतं, माय. सगळे खाल्ले. कच्चे होते.