धाकल्या मालकांना दिलेली शिवी

आबा, लहानपणी मला मात्र म्हणालात, "ही काय तुझ्या मामाची बैलगाडी आहे का रे गाढवा?" नुसता विमानाच्या चाकाला हात लावला म्हणून. कारखान्याच्या मालकांचं ते चार माणसांचं विमान, तुम्ही त्याचे मिस्त्री, आणि मिस्त्रीच्या पोराला त्यात एकदा बसायला मिळालं नाही. धाकले मालक बसायचे. माझ्याहून चांगले दहा वर्षांनी मोठे, आणि तुम्ही त्यांना अहो-जाहो करत एकेक काटा समजावून सांगायचात. घरी आलात की तुमचा घसा बसलेला. माझ्या वाटणीला काय, तर जेवताना दोन शब्द.

तुमचा नियम होता, ज्यानं इंजिन खोललं त्यानं जोडल्यावर पहिल्यांदा बसायचं. नट ढिला राहिला तर आधी मिस्त्री मरू दे, म्हणायचात. मीही तेच करतो. इथं दोह्यात एसी दुरुस्त करतो, आणि खोली गार होईपर्यंत तिथंच फतकल मारून बसतो. सुपरवायझर खालून ओरडतो, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चल, आटप. ओरडू दे. तर त्या शेवटच्या वेळी दिल्लीत तुम्ही विमानाचं इंजिन खोललंत, म्हणून कुलूच्या डोंगरावर धाकल्या मालकांसोबत गेलात. ढगात शिरल्यावर पंखांवर बर्फ धरला आणि विमान खाली आलं. बर्फानं विमान पडतं हे मला शाळेत असताना पटायचंच नाही. मग इथं गॅस कमी झालेल्या एसीच्या कॉइलवर बर्फ चढताना बघितला. आधी पांढरी बुरशी आल्यासारखं, मग थरावर थर. मशीन तेच, पण आता काम करत नाही. पायलट जागीच गेला, तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात, आणि धाकले मालक तेवढे वाचले. त्यांच्या पायाची बोटं गेली.

मागच्या शुक्रवारी गावाहून आलेल्या माणसानं आईची कॅसेट आणली. इथल्या नजमा भागातल्या खोलीत आम्ही सहा जण, टेप एकच, त्यामुळे सगळे ऐकायला बसले. आई म्हणते, मालकांचा कारखाना बुडाला, धाकले मालक आता आपल्या शेजारच्या खोलीत राहतात, दोन वेळा आपल्याकडेच जेवतात. त्यांच्या पायाचं परत ऑपरेशन आहे, तू बघ काहीतरी. तेवढ्यात मागून त्या धाकल्या मालकाचा आवाज आला, "मी बोलू का, आई?"

आई! आमचा चिपळूणचा ड्रायव्हर म्हणाला, "अरे वा, वाटणीला भाऊ आला की रे तुझ्या!" सगळे हसले. मीही हसलो.

मग टेपवर धाकला मालक डोंगरावरच्या त्या रात्रीचं सांगायला लागला. तुम्ही स्वतःचा स्वेटर काढून त्याला घातलात म्हणे. घाला. पण त्याला झोप यायला लागली तेव्हा तुम्ही ओरडलात, "गाढवा, डोळे उघड! झोपलास तर थोबाड फोडीन!" ड्रायव्हरनं उगाच चहा ठेवला.

आबा, स्वेटर दिलात त्याचं मला काही नाही. पण गाढव तुम्ही फक्त मला म्हणायचात. सगळ्या गावात मलाच. मी टेप मागे घेऊन तेवढंच परत परत ऐकलं. तो तुमची नक्कल करतो ना, आधी बारीक आणि शेवटी एकदम चढा, तसंच तुम्ही बोलायचात. ऐकल्यावर ओळख पटली. त्याच्या आधी कितीतरी वर्षं मला तुमचा आवाज आठवत नव्हता. त्याच्या गळ्यात तो अख्खा आहे, आणि माझ्याकडे काही नाही.

ठरवलं होतं, त्या पायांना एक पैसा द्यायचा नाही. ह्या सुट्टीला गावी जाणार होतो, तिकिटाचे पैसे बाजूला टाकले होते. आता जात नाही. हे तुम्हाला लिहून कुठं टाकणार, उशीखालीच राहील. आईला मात्र निरोप धाडलाय, की पैसे कोणी पाठवले ते त्याला तोंडावर सांग, चांगलं दोनदा सांग. नऊशे रियाल.