घरचा घोडा असलेला नातजावई

४ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं. पण गोष्टीतली पोरगी रोज लिहिते आणि तिला राजपुत्र मिळाला, मग आपणही लिहून बघावं. गोष्टी माझ्या नातीच्या, करिष्माच्या मोबाईलमधल्या. ती चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. कामावरून आली की लावून देते, मोबाईल वाचून दाखवतो, मी मेथी निवडत ऐकते. गोष्ट तीच असते. पोरगी कॉफीच्या दुकानात कामाला, पोरगा साधासुधा, आणि शेवटी निघतो राजपुत्र. मला पहिल्या भागातच कळतं. नजर आहे माझी.

६ नोव्हेंबर
कालचं लिहायचं राहिलं. मेथी फार होती.
आज ऐन चुंबनाच्या वेळी मोबाईलवर फोटो आला. पांढरा घोडा, वर फेटेवाला देखणा पोरगा, कमरेला तलवार. लगेच दुसरा. तोच पोरगा, सोन्याचं सिंहासन, दोन्ही हातांखाली सिंहाची तोंडं. करिष्माला विचारलं तर कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, कुलदीप आहे गं, आमच्याच कंपनीत स्टोअरला असतो, दिघीचा आहे. म्हटलं, घोडा कुणाचा? म्हणाली, घरचाच.
घरचाच म्हणे. आमच्या बिल्डिंगीत कुणाकडे घरची पिठाची गिरणी न्हाई.
ओळख लपवून स्टोअरला लागलाय बिचारा. मागच्या गोष्टीतला तर मोटारी धुवायचा.

७ नोव्हेंबर
माझा जयसिंग, म्हणजे करिष्माचा बाप, ओळखीतल्या उद्धवरावांच्या मुलाचं स्थळ घेऊन बसलाय. मुलगा पर्मनंट, हिंजवडीजवळ माणला फ्लॅट. करिष्मा ताटावरून उठली. ओट्यापाशी येऊन म्हणाली, आजी, मला कुलदीपशीच लग्न करायचंय, पप्पा तुझंच ऐकतील, पण त्याच्या घरी काय आहे ते आधी तुला सांगते. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. गोष्टीत गुपित वेळेआधी फुटलं की राणीसरकार बिथरते. म्हटलं, काही सांगू नको, मला सगळं माहीत हाय. पोरगी गळ्यात पडून रडली. म्हणाली, तुझ्यासारखी आजी कुणाला नसेल. ते खरंच आहे.

८ नोव्हेंबर
उपोषण. उद्धवरावांना नकार कळव, तोवर अन्नाला शिवणार नाही, असं जयसिंगला सांगितलं. दुपारी शेजारच्या शालनबाईंकडे मिसळ खाल्ली, पण ते आपल्या घरचं अन्न नव्हे. जयसिंग म्हणाला, आई, अगं त्या पोराकडे आहे तरी काय? म्हटलं, येईल तेव्हा बघ, उभा राहशील हात जोडून. संध्याकाळी त्यानं फोन केला उद्धवरावांना. तोंड कडू करून.
राजपुत्राचं फक्त शालनबाईंना सांगितलं. त्या कुणाला सांगणाऱ्यातल्या नाहीत.

९ नोव्हेंबर
वॉचमननं विचारलं, राजवाडा दिघीत नेमका कुठल्या बाजूला?

१२ नोव्हेंबर
रविवारी कुलदीप घरी येणार. पोहे रद्द. तसली माणसं काकडीचं सँडविच खातात, कडा कापून. आज करून पाहिलं. कडा मी खाल्ल्या, मग मधलंही.
शिवाय गुडघा वाकवून नमस्कार करतात. फ्रिजला धरून केला. गुडघा खाली गेला, वर येईना. शालनबाईंनी काखेत हात घालून उपसलं. म्हणाल्या, सुभद्राबाई, या वयात राजघराणं झेपेल का? जळतात.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी
आला. घोडा घेऊनच आला. सगळी बिल्डिंग गॅलरीत. मी दारात गुडघा वाकवला, नेमका तो पाया पडायला वाकला, कपाळावर कपाळ. मला धरून उठवलं आणि म्हणाला, आजी, एक बादली द्याल का, घोड्याला पाणी पाजतो. सहाला चौकात वरात आहे, नवरदेव बसवायचाय.
कुठला नवरदेव, मला कळेना. मग तो जयसिंगला सगळं सांगत बसला. त्याच्या घरचे लग्नाला घोडा, फेटे, तलवारी भाड्यानं देतात. सिंहासनही त्यांचंच, फोल्डिंगचं. फोटो जाहिरातीसाठी काढलेले. आठवडाभर कंपनी, सुट्टीला हा धंदा. म्हणाला, काका, पसंत नसेल तर तोंडावर सांगा, पण घोडा मी सोडणार नाही. सँडविच उघडून आत बघितलं आणि हळूच विचारलं, पोहे नाहीत का?
जयसिंग माझ्याकडे वळला. म्हणाला, आई, तुला हे माहीत होतं? करिष्मानं ओढणीचं टोक मुठीत आवळलेलं. माझ्या कपाळावर टेंगूळ, हातात काकडी.
म्हटलं, तर काय. पहिल्या दिवसापासून.
आणि कांदा चिरायला गेले. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं, दुसरं काही न्हाई.

१८ नोव्हेंबर
जयसिंग हो म्हणाला. पोरगा सरळ आहे म्हणे. खरं म्हणजे घोड्यानं त्याच्या हातून गूळ खाल्ला, तेव्हाच विरघळला. राजवाडा वगैरे वॉचमननं उठवलेली अफवा, असं मी सगळ्यांना सांगून आले.

२३ नोव्हेंबर
तारीख ठरली, मोठा मुहूर्त आहे. मनातल्या मनात सगळं बघून झालं. पांढरा घोडा, फेटा, तलवार, आणि पुढं सिंहासन. राजपुत्र नसेना, दिसेल तर तसाच. कुलदीपला फोन करून म्हटलं, घोड्याला छान अंघोळ घाल.
म्हणाला, आजी, त्या दिवशी घोडा बुक आहे. सिंहासनही. सीझनला गिऱ्हाईक कसं सोडायचं?
म्हटलं, मग नवरदेव येणार कशावर?
म्हणाला, मामेभावाच्या रिक्षात.
घरचीच आहे म्हणे.