रेडिओ बिघडायचा तेव्हा

ताई,

तेव्हा आपल्या दारात सगळेच यायचे. सुऱ्यांना धार लावणारा, गाद्यांचा कापूस पिंजणारा, तापाला बॅग घेऊन डॉक्टर. तू मात्र वाट बघायचीस रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची. दर महिन्याला रेडिओची वायर कोण सैल करतं, हे आईला ठाऊक होतं. ती मुकाट्यानं चहाचं आधण ठेवायची. बाबांना कळलं ते तू त्याच्याबरोबर निघून गेल्यावर. "तिचं नाव या घरात काढायचं नाही," म्हणाले, आणि रेडिओलाही पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही.

आई गेली. आता दुरुस्तीला घरी कुणी येत नाही गं, वस्तू बिघडली की फेकायची. काल आवरताना मी विचारलं, "बाबा, हा रेडिओ भंगारात देऊ?"

"राहू दे." ते खिडकीबाहेरच बघत होते. "जावई कधी आले, तर नुसते बसून अवघडतील. हाताला काही काम नको का?"

तुझा पत्ता आमच्यापैकी कुणाकडेच नाही, तरी लिहायला बसले. बाबा 'जावई' म्हणाले, ताई!

तुझीच,
धाकटी