चौथ्या मजल्याचे रजिस्टर पत्र

मी खाली सही करणारा, वय एकाहत्तर, छत्तीस वर्षे घरोघर टपाल वाटून निवृत्त झालेला पोस्टमन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही; उलट घरच्यांचे म्हणणे, इतकी घाई कशाला. घाई नाही. थकलो आहे, एवढेच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. घर. तळमजल्यावर तीन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे दोन पायऱ्या. घर माझ्या कमाईचे आहे, वडिलोपार्जित नाही, त्यामुळे धाकट्या भावाचा त्यात हक्क नाही. तो सांगेल की पायाचे दगड त्याने वाहिले. त्याने एक दिवस वाहिले. दुसऱ्या दिवशी त्याची पाठ धरली, ती अजून सुटलेली नाही. घर मुलाला आणि सुनेला, दोघांच्या नावे सारखे. अपवाद फक्त रस्त्याकडच्या खोलीचा, तिचे कलम ५ मध्ये.

कलम २. बचत खात्यात जे उरेल ते मुलाला. त्याने आधी छताची गळती काढावी. पाच वर्षे "बघतो, बाबा" चालले आहे.

कलम ३. कामाच्या वस्तू सुनेला. ती चार वर्षांपासून आमच्याच कचेरीत टपाल वाटते आणि माझेच जुने बीट, म्हणजे मी फिरायचो त्याच गल्ल्या, तिच्या वाट्याला आल्या आहेत. तिला माझी सायकल, मेणकापडाची पिशवी आणि पत्रे चाळताना बोटात घालायच्या रबरी टोप्या. पिशवी रोज खांदा बदलून घ्यावी. मी बदलला नाही, म्हणून माझा कोट एका बाजूने लांब दिसतो.

शिवाय उत्तरे. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली तरी लोक मला रस्त्यात गाठून तेच विचारतात. आता तिला विचारतील, तर ही वापरून घ्यावीत.

माझे पार्सल कुठे अडकले? माहीत नाही. वाटणाऱ्याला फक्त आज हातात काय आले ते माहीत असते. शेजाऱ्याचे पत्र माझ्याकडे कसे आले? घराचा आकडा लिहिणाऱ्याचा 'एक' हा 'सात'सारखा दिसतो म्हणून. कुत्रे चावले का कधी? तीनदा, आणि तिन्ही वेळा मालक म्हणाले, "काही करत नाही हो तो." लोकांची पत्रे वाचावीशी वाटत नाहीत? दिवसाला चारशे पाकिटे वाटल्यावर स्वतःचेही वाचावेसे वाटत नाही.

घरी कोणी नसले तर रजिस्टर पत्राचे काय होते? पाकिटावर 'दार बंद' असा शेरा मारायचा, दाराखालून चिठ्ठी सरकवायची, पत्र कचेरीत सात दिवस ठेवायचे, मग पाठवणाऱ्याला परत. नियम असा आहे. मी काय केले ते कलम ५ मध्ये आहे. सुनेने ते दोनदा वाचावे.

कलम ४. आमच्या वेळच्या साहेबांना आम्ही घड्याळ म्हणत असू. त्यांनी एकदा रिकाम्या हाताने, कोरड्या दिवशी माझे बीट फिरून पाहिले आणि तीन तासांत संपले पाहिजे असे ठरवून टाकले. त्यांना माझे शेवटचे बूट द्यावेत. डाव्याचा तळ उघडा आहे. ते हयात नसल्यास बूट टाकून द्यावेत.

कलम ५. रस्त्याकडची खोली मी दोन गल्ल्या पलीकडे, पिवळ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या ताईंना देत आहे. त्यांचेही गुडघे गेले आहेत आणि गिऱ्हाईक चार मजले चढून येत नाही. मुलगा विचारेल, परक्या बाईला का? कारण असे.

चौतीस वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्या पिशवीत त्यांच्या नावाचे रजिस्टर पत्र होते. ते हातात द्यायचे, सही घ्यायची, म्हणजे चार मजले. सकाळपासून कितीतरी जिने झाले होते, तीन तास संपत आले होते. इमारतीखाली उभा राहून वर पाहिले, गॅलरीत कोणी नव्हते, आणि पाय उचलेनात. पाकिटावर 'दार बंद' लिहिले. दार बंद होते की उघडे, मी पाहिलेच नाही. उद्या नेऊ, असे मनात होते. दुसऱ्या दिवशी मला ताप भरला, तो आठ दिवस उतरला नाही. बदली माणसाने शेरा पाहिला, चिठ्ठी पोचली असेल असे धरले, आणि मुदत संपल्यावर पत्र परत गेले. चिठ्ठी मी सोडलीच नव्हती. ती सरकवायलाही वर जावे लागते.

दोन महिन्यांनी, ज्या कार्यालयाचे ते पत्र होते तिथला कारकून टपाल घेताना सहज म्हणाला, "तुमच्या भागातल्या एका मुलीची आमच्याकडे नोकरीला निवड झाली होती हो. पत्र परत आलं. दिली जागा दुसऱ्याला."

साहेबांनी घड्याळ लावले होते, पण जिना टाळायला त्यांनी सांगितले नव्हते.

ताई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. गॅलरीतून वाकून रोज विचारायच्या, "दादा, माझं काही?" मी खालूनच हात हलवायचो. पुढे त्यांनी विचारणे सोडले आणि शिवणयंत्र घेतले. मी हे कोणालाही सांगितले नाही, बायकोलाही नाही.

एवढे लिहून मी साक्षीसाठी जुन्या मित्राला बोलावले. तो आमच्या कचेरीत सॉर्टर होता, पत्रे गल्लीवार लावून द्यायचा. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, पण कागद हातात आला की शेवटपर्यंत वाचायची त्याला खोड आहे. वाचून त्याने पेन खाली ठेवले.

"हे तिला कधी कळणार?"

"मी गेल्यावर. वकीलबाई वाचून दाखवतील."

"म्हणजे तिनं शिव्या कुणाला द्यायच्या? तुझ्या फोटोला?"

"अरे, खोली देतोय ना मी."

"खोलीचं कोण बोलतंय? तू पुन्हा जिना टाळतोयस. मी नाही सही करणार."

सून दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. माझ्याकडे न पाहता माझ्या चपला दाराशी नीट लावत म्हणाली, "उद्या माझी सुट्टी आहे, बाबा. प्रत्येक मजल्यावर बसत बसत जाऊ."

पुढचा मजकूर त्यानंतर चार दिवसांनी लिहीत आहे.

चार मजल्यांना पंचवीस मिनिटे लागली. ताईंनी दार उघडले आणि सुनेला म्हणाल्या, "काय गं, सासऱ्यांना परत कामाला लावलंस?" मला खुर्ची दिली. त्या एक शिवण उसवत होत्या. मी सांगत होतो तोवर उसवतच राहिल्या.

"पत्र आलं होतं?"

"हो."

"निवड झाली होती?"

"हो, ताई."

"नक्की?"

"तिथल्या कारकुनानं सांगितलं. माझ्या तोंडावर."

त्यांनी कापड बाजूला ठेवले. "चौतीस वर्षं मला वाटत होतं, मुलाखतीत मी काहीतरी वेडंवाकडं बोलले. काय बोलले असेन, तेच आठवत बसायचे. वडील म्हणायचे, तुझी जीभ नडली. जाईपर्यंत म्हणत होते."

मी खोलीचे सांगितले.

"नको. गिऱ्हाइकांनी विचारलं, जागा कशी मिळाली, तर काय सांगू? आणि माफ-बिफ मी केलेलं नाही, दादा. तसं धरून चालू नका."

"नाही धरत."

"मला लिहून द्या. झालं ते सगळं. कुठंतरी पक्क्या कागदावर पाहिजे. मी त्याखाली सही करते."

याहून पक्का कागद माझ्याकडे नाही. आज सकाळी ताई आमच्याकडे आल्या तेव्हा वकीलबाईंनी त्यांना समजावले, "तुम्ही साक्षीदार म्हणून सही केलीत, तर खोली तुम्हाला मिळणार नाही. ज्याला काही मिळतं, त्याची साक्ष चालते, पण त्याचा हिस्सा जातो."

"मग तर फारच बरं," ताई म्हणाल्या. "एका कामात दोन कामं."

मुलाचा चेहरा जरा खुलला, ते मी पाहिले. त्याने छताचे विसरू नये. कलम ५ खोडा, असे वकीलबाई म्हणाल्या. मी खोडत नाही. देणे माझ्याकडून लिहिलेले राहील, न घेणे त्यांच्याकडून. खोली मग घरात मिळून कलम १ प्रमाणे जाईल.

कलम ६. मी जाहीर करतो की, चौतीस वर्षांपूर्वी वर सांगितलेल्या ताईंची त्या जागेवर निवड झाली होती. निवडीचे पत्र वेळेत आले होते. त्यावरचा 'दार बंद' हा शेरा खोटा असून तो मी लिहिला. त्या दिवशी आणि पुढचे सातही दिवस त्या घरीच होत्या. मुलाखतीत त्या काहीही चुकीचे बोललेल्या नाहीत.

कलम ७. माझ्यामागे कोणाला पत्राने कळवायचे असल्यास पत्ता स्वच्छ लिहावा.

आणखी काही आठवत नाही. वाचून पाहिले, खाडाखोड दोन ठिकाणी, तिथे सही केली आहे.

स्थळ: राहते घर, रस्त्याकडची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा

(सही) निवृत्त पोस्टमन

आम्हा दोघांसमोर, पूर्ण शुद्धीत, बसून सही केली.

साक्षीदार १: निवृत्त सॉर्टर. सगळे वाचले. (सही)

साक्षीदार २: शिवणकाम, पिवळी इमारत, चौथा मजला. कलम ५ घेत नाही. कलम ६ बरोबर आहे. (सही)