जेऊर, एका चार्जमध्ये

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ५ मे २०२५

ती. अक्कास,
धाकट्या भावाचा, गुरप्पाचा शरणु शरणार्थ व साष्टांग नमस्कार. वि. वि.

सभेत शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा आवाज फोनवर तुझ्यापुढे हरतो. तुला ऐकू येत नाही आणि मी आणखी ओरडलो तर शेजारी धावत येतात. म्हणून हे पत्र. सुनेकडून वाचून घे.

तुझ्या मोतीबिंदूसाठी डॉक्टरांनी सोळा मे ही तारीख दिली आहे. चौदाला मी स्वतः नवी गाडी घेऊन जेऊरला येतो. रेल्वेचा विचार सोड. डब्याच्या पायऱ्या तुला धड दिसत नाहीत.

गाडी विजेवर चालते, अक्का! जन्मभर मी व्यासपीठावरून सांगत आलो, की आपल्या घामाचे पैसे परक्यांच्या तेलविहिरीत ओतू नका. आता करून दाखवायची वेळ आली. घरून बॅटरी भरून निघायचं, तुला घ्यायचं आणि वाटेत कुठेही चार्जिंगला न थांबता परत यायचं. तुमच्या घरच्या प्लगलाही हात लावणार नाही. हे मी कट्ट्यावर सर्वांदेखत जाहीर केलं आहे. शिवप्पा ट्रकवाला हसला. म्हणाला, ॲव्हरेज कागदावर एक असतं आणि रस्त्यावर एक, मोहोळला अडकलात तर ट्रक आणि दोरी घेऊन येतो. मी म्हणालो, दोरी जपून ठेव, तुझ्याच ट्रकला लागेल.

तयारीत राहा. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा तम्मा,
गुरप्पा


जेऊर, ९ मे २०२५

चि. गुरप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद.

मी सांगतीय आनि सूनबाई सिद्धेश्वरी लिवतीय. तिला म्हनलं, माजं बोलनं सुदरू नकोस, न्हायतर तम्माला वाटंल दुसऱ्याच कुनाची अक्का हाय.

रेल्वे आपल्या घरामागनंच जाती की रे. शिट्टीवरनं मी वळकते कंची गाडी हाय ती. तिनं आले असते तरी चाललं असतं, चन्नवीर हात धरून बसवतोय आईला. पर तू चारचौगांत शब्द दिलायस म्हनल्यावर येते तुज्या गाडीत. एकच ध्यानात ठेव. तुज्या भाषनाला चार्जिंग लागत न्हाय, गाडीला लागतंय.

कडक भाकरी आनि शेंगाची चटनी बांदून ठेवते. शिवप्पालाबी दे, म्हंजे त्याचं तोंड गप ऱ्हाईल.

हितं समदी बरी हायत. डोळ्याचं काम झालं की पुडलं पत्र मीच लिवीन.

जिवाला जप.
तुजी अक्का,
चंद्रव्वा


सोलापूर, २७ मे २०२५

ती. अक्कास,
शरणु शरणार्थ. वि. वि.

आता जेवण जातं का? चक्कर थांबली का? दवाखान्यात तुझ्या हाताला लावलेली ती सलाइनची सुई अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली ती तुला ऊन लागल्यामुळे. यंदा ऊनच तसं आहे. पेपरात रोज बातम्या येतात.

तू दवाखान्यात सर्वांना सांगितलंस, की गार हवा सोसत नाही म्हणून गाडीतला एसी तूच बंद करायला लावलास. चन्नवीर तुला रेल्वेने परत घेऊन गेला, त्याचाही तोच समज आहे. त्याने जाताना माझी माफीसुद्धा मागितली, म्हातारीच्या हट्टामुळे तुम्हाला त्रास झाला म्हणून. मी काही बोललो नाही. तूच तसं सांगितल्यावर मी आणखी काय बोलणार?

पाच जूनला, पर्यावरण दिनी, वाचनालयात माझं व्याख्यान ठेवलं आहे. विषय तुझाच म्हण ना: जेऊर, एका चार्जमध्ये. घरी पोचलो तेव्हा गाडीच्या पडद्यावर अकरा किलोमीटर शिल्लक होते. त्याचा मी काढलेला फोटो मोठा करून दाखवणार आहेत. शिवप्पाने पैज हरल्याचं कबूल केलं, शाल तोच घालणार.

डॉक्टरांनी आता तेवीस जून ही तारीख दिली आहे. मी गाडी घेऊन येतो. होकार कळव. तुझं पत्र आलं नाही तर मला चैन पडणार नाही.

तुझा,
गुरप्पा


जेऊर, ३१ मे २०२५

ती. मामांना सिद्धेश्वरीचा सादर नमस्कार.

हे पत्र आत्यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तम्माला लिव, ऑपरेशन आता नको, दिवाळीनंतर बघू. मामा, इथल्या डॉक्टरांनी बजावलं आहे, की मोतीबिंदू पूर्ण पिकला आहे, आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. हे आत्यांना माहीत आहे.

आता लहान तोंडी मोठा घास घेते. आमच्या घरात कूलरसमोरची जागा आत्यांची आहे. नातवंडं तिथे येऊन बसली तर त्या काठीने ढोसून उठवतात. गार हवा सोसत नाही म्हणे! आमच्या ह्यांना तुमच्याविषयी फार आदर, त्यामुळे त्यांच्या हे ध्यानात येत नाही. माझ्या पहिल्याच दिवशी आलं.

मी म्हटलं, आत्या, रेल्वेने जाऊ. तर म्हणाल्या, तम्मा गाडी आनतो म्हनतोय, नको कसं म्हनू, त्याची सभा हाय. त्यांना तुमच्या गाडीत बसायची भीती वाटते. पण तुमच्या गाडीला नको म्हणवत नाही, म्हणून त्या डोळ्यालाच नको म्हणतात.

आमच्या लग्नात तुम्ही तासभर बोललात आणि पंगत पानं वाढून थांबली होती. ह्या वेळी दोनच वाक्यं बोला. ती आत्यांसाठी बोला.

चुकलं असेल तर रागवा, पण माझ्यावरच रागवा.

आपली सून,
सिद्धेश्वरी


सोलापूर, ६ जून २०२५

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

सिद्धेश्वरीला सांगतो, हे पत्र चन्नवीरसमोर मोठ्याने वाच. एक शब्दही गाळू नकोस.

चन्नवीर, तुझ्या आईने एसी बंद करायला सांगितलं नव्हतं. मी केला. टेंभुर्णी मागे पडली आणि उरलेल्या किलोमीटरांचा आकडा भराभर उतरायला लागला, म्हणून केला. काच उघडली तर वारा गाडीला मागे ओढतो आणि बॅटरी आणखी खर्ची पडते, म्हणून भर दुपारी काचाही बंदच ठेवल्या. अक्काने विचारलं, तम्मा, वारं बंद झालं का. मी म्हणालो, थोडा वेळ. तिने पुन्हा विचारलं नाही. बाटलीतलं पाणी संपल्यावर मागितलंही नाही. टेंभुर्णीला चार्जिंगची सोय होती, मोहोळला होती. दोन्ही मी ओलांडली. मी आकड्याकडे बघत होतो, अक्का, तुझ्याकडे नाही.

दारात गाडी थांबल्यावर मी आधी फोटो काढला. मग तुझं दार उघडलं आणि तू माझ्या अंगावर कलंडलीस.

काल सभा झाली. फोटो पडद्यावर लागला, टाळ्या पडल्या. मी म्हणालो, ह्या आकड्याला टाळ्या वाजवू नका, हा टिपला तेव्हा माझी बहीण मागच्या सीटवर अर्धवट शुद्धीत होती. मग मी सगळं सांगितलं. विजेच्या गाडीवरचा माझा विश्वास तसूभर ढळलेला नाही, हेही सांगितलं. गाडीने मला थांबायची जागा दोनदा दाखवली होती. जो माणूस इंधन वाचवायला निघतो आणि सोबतच्या जिवाला तहानलेलं ठेवतो, त्याने पृथ्वीच्या तहानेवर बोलू नये. एवढं बोलून मी खाली बसलो. शिवप्पा हसेल असं वाटलं होतं. त्याने शाल घडी करून स्वतःच्या मांडीवर ठेवली. तो हसला असता तर बरं झालं असतं.

तुझ्या खोट्याच्या सावलीत मी तीन आठवडे बसलो. आता तूही तिथून ऊठ. माझ्या गाडीसाठी डोळा घालवू नकोस. मी रेल्वेने जेऊरला येतो, तुझा हात धरून रेल्वेनेच घेऊन येतो. फक्त ये म्हण.

तुझ्या मायेवर आता हक्क सांगत नाही, मागतो.

गुरप्पा


जेऊर, ११ जून २०२५

चि. तम्मा,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

सिद्धेश्वरीनं पत्र वाचलं. चन्नवीर उठून भाईर गेला आनि बऱ्याच येळानं आत आला. तुज्यावर रागावलाय. चार दिस रागावू दे त्याला, त्याचा हक्क हाय. सुनंनं तुला पत्र धाडलं हुतं ह्ये मला आत्ता कळलं. तिला लई बोलले, मग जवळ घेतली.

तू आदी फोटू काढलास ते मला दिसलं हुतं. मला अंदूक दिसतंय, पर आंदळी न्हाय मी. तेच मनात सलत हुतं. ऊन काय, आपल्या सोलापूरच्या मानसाला नवं हाय व्हय? आनि माजंबी चुकलं. तुजी लाज झाकाया गेले आनि तुला एकटा पाडलं. थोरली असून गप बसले. ल्हानपनी तुज्या पाठीत धपाटा घालायचे, तसा तवाच घातला असता तर तू मोहोळला थांबला असतास.

तेविसाच्या ऑपरेशनला येते. पर रेल्वेनं येऊ नकोस, गाडीच घिऊन ये. टेंभुर्णीला थांबायचं. गाडीचं पोट भरंस्तवर आपुन बाकड्यावर बसू, च्या घिऊ. तू सभंत लोकांम्होरं तास तास बोलतोस, माज्याजवळ तासभर नुसता बसून किती सालं झाली? तेवडा वेळ तुजी गाडी मला देती म्हंजे गाडी चांगलीच हाय म्हनायची. शिवप्पाला सांग, शाल मला दे, आता वारं चालू ऱ्हानार हाय. गार लागलं तर पांगरीन. आनि सोसंना तर सांगीन, आता खरं सांगीन.

घरी पोचल्यावर तुला फोटू काढायचा आसंल तर काढ रं. पर आदी माजं दार उगड.

माया हाय तितंच हाय, ती काय मागाया लागत न्हाय.

तुजी अक्का,
चंद्रव्वा